पत्र्याच्या पार्टचं ड्रॉइंग: बेंड झालेला आकार आणि फ्लॅट पॅटर्न एकाच ड्रॉइंगवर नीट कसे दाखवायचे

पत्र्याच्या पार्टचं ड्रॉइंग एकच असलं तरी ते तीन जण वाचतात. लेझरवर किंवा टरेट पंचवर (पंच मारून कापणाऱ्या मशीनवर) ब्लँक, म्हणजे बेंडआधीचा सपाट तुकडा, कापणारा, प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या मशीनवर) बेंड मारणारा आणि शेवटी व्हर्नियर घेऊन पार्ट तपासणारा. पहिल्याला सपाट, उघडलेला आकार, म्हणजे फ्लॅट पॅटर्न लागतो. तिसऱ्याला फक्त बेंड झालेला आकार लागतो. मधल्याला दोन्ही लागतात, आणि बहुतेक ड्रॉइंगमध्ये अडचण होते ती त्याचीच. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत कटिंग एका जॉबवर्कवाल्याकडे आणि बेंडिंग दुसऱ्याकडे असं सर्रास चालतं. अशा वेळी ड्रॉइंगवर जे लिहिलेलं नाही ते विचारायला डिझाइनर शेजारी उभा नसतो. मग ऑपरेटर स्वतःच्या अंदाजाने बेंड मारतो, आणि त्याचा अंदाज चुकला तर त्याला दोष देता येत नाही.

पुढचं सगळं मी सॉलिडवर्क्स हे थ्री-डी डिझाइनचं सॉफ्टवेअर धरून सांगतो, कारण आपल्याकडच्या लहान-मध्यम फॅब्रिकेशन शॉपमध्ये ते भरपूर चालतं. इतर सॉफ्टवेअरमधले फरक शेवटाकडे येतील. उदाहरणाला एक साधा यू आकाराचा ब्रॅकेट घेऊ: २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, तळ बाहेरून बाहेर १००, दोन्ही फ्लँज (वाकवलेल्या उभ्या बाजू) बाहेरून ४०, रुंदी ६०, आतली त्रिज्या २ आणि दोन्ही बेंड ९० अंशांचे. प्रत्येक फ्लँजवर ९ व्यासाचं एक भोक, तळाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून २५ वर.

आधी ठरवा: कुठलं माप कुठे द्यायचं

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे डोक्यात पक्कं हवं. ग्राहकाला हवा असतो तो बेंड झालेला पार्ट. फ्लॅट पॅटर्न हे त्यातून काढलेलं उत्तर आहे, आणि ते उत्तर कोणत्या डायवर (पंच पत्रा ज्या खाचेत दाबतो त्या खालच्या साच्यावर) बेंड मारणार यावर अवलंबून असतं. म्हणून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लागणारी, तपासायची मापं बेंड झालेल्या व्ह्यूवर द्यायची. फ्लॅटवर एकूण लांबी-रुंदी आणि बेंड लाइनची जागा एवढंच द्यायचं, तेही कंसात, म्हणजे संदर्भ माप म्हणून.

एकच गोष्ट दोन्हीकडे टॉलरन्ससह दिली तर भांडण ठरलेलं. ब्लँक कापणारा म्हणतो माझी १७३ ची लांबी (ती पुढे काढू) बरोबर आहे, बेंडिंगवाला म्हणतो माझा कोन बरोबर आहे, आणि पार्ट मात्र अर्धा मिमी मोठा. दोघंही खरं बोलत असतात.

भोकाचंच बघा. तळापासून २५ म्हणजे फ्लँजच्या मोकळ्या कडेपासून १५. हे १५ बेंड ओलांडत नाही, त्यामुळे फ्लॅटमध्येही १५ आणि बेंड झाल्यावरही १५. पण तळापासूनचे २५ बेंडच्या पलीकडून मोजायचे असतात. ते फ्लॅटमध्ये कुठेच सापडणार नाहीत, तिथे बेंड लाइनपासून भोक २३.२५ वर दिसेल. जोडणीच्या वेळी जर तळ टेकून भोकाची उंची महत्त्वाची असेल तर २५ च द्या आणि टॉलरन्समध्ये बेंडिंगचा फरक सामावून घ्या. उंचीला महत्त्व नसेल तर १५ द्या, ते पाळायला सोपं. दोन्ही मात्र देऊ नका.

फ्लॅटची लांबी कुठून येते

४० + १०० + ४० म्हणजे १८०. पण ब्लँक १८० चा कापला तर पार्ट मोठा होतो, कारण बेंडमध्ये पत्रा ताणला जातो. बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक बेंडमागे जेवढं वजा करायचं ते बेंड डिडक्शन. ते सॉफ्टवेअरवर सोपवण्यापेक्षा शॉपमधून काढून आणणं केव्हाही चांगलं, आणि त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही.

ज्या पत्र्यातून पार्ट बनणार त्याची १०० मिमी लांबीची पट्टी अचूक कापा. ज्या डायवर पार्ट बेंड होणार त्याच डायवर मध्यभागी ९० अंशांचा बेंड मारा. दोन्ही पाय बाहेरून मोजा आणि बेरीज करा. समजा बेरीज १०३.५ आली. मग बेंड डिडक्शन ३.५. आपल्या ब्रॅकेटचा ब्लँक १८० वजा ७, म्हणजे १७३.

यातून के-फॅक्टरही काढता येतो, म्हणजे बेंडमध्ये आतून जाडीच्या किती भागावर पत्रा ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही ते. ९० अंशांसाठी बाहेरचा सेटबॅक म्हणजे त्रिज्या अधिक जाडी, इथे ४. दोन सेटबॅक ८, त्यातून ३.५ गेले, बेंड अलाउन्स, म्हणजे बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी, राहिला ४.५. या ४.५ ला १.५७०८ ने भागा, त्यातून त्रिज्या २ वजा करा, उरलेल्याला जाडी २ ने भागा. उत्तर ०.४३. सॉलिडवर्क्समध्ये के-फॅक्टर भरा किंवा थेट बेंड डिडक्शन ३.५ भरा, दोन्ही चालतं. ज्या शॉपमध्ये सगळे बेंड ९० चेच असतात तिथे मी थेट डिडक्शन पसंत करतो. वेगवेगळे कोन असतील तर के-फॅक्टर.

कुठून तरी उचललेला के-फॅक्टर किती महागात पडतो ते याच ब्रॅकेटवर पाहा. ०.३३ धरला तर ब्लँक १७२.३६ येतो, ०.५ धरला तर १७३.४२. फक्त दोन बेंडमध्ये एक मिमीहून जास्त तफावत. पॅनेलच्या दरवाजाला चारही बाजूंनी दुहेरी बेंड असतात, तिथे हा फरक आणखी वाढत जातो.

डायचंही तसंच. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळापर्यंत दाबत नाहीत अशा बेंडिंगमध्ये) आतली त्रिज्या मुख्यतः व्ही डायच्या रुंदीवरून ठरते, पंचच्या टोकावरून नाही. माइल्ड स्टीलला ती साधारण व्हीच्या सहाव्या भागाइतकी येते. १२ च्या व्हीवर २ मिमी, १६ च्या व्हीवर अडीचच्या थोडी पुढे. तोच १७३ चा ब्लँक १६ च्या व्हीवर गेला तर बाहेरच्या मापांची बेरीज जवळजवळ अर्धा मिमी वाढते. म्हणून फ्लॅट व्ह्यूजवळ एक ओळ लिहाच: ‘फ्लॅट पॅटर्न व्ही १२ डाय, आतली त्रिज्या २, बेंड डिडक्शन ३.५ यासाठी’. ही ओळ फार कमी ड्रॉइंगवर दिसते. बेंडिंगवाला बदलला की तीच सगळ्यात आधी लागते.

मॉडेल असं बांधा की दोन्ही अवस्था त्यातूनच निघतील

फ्लॅट वेगळा काढून, वेगळी फाइल करून, ड्रॉइंगवर चिकटवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडा. मॉडेलमध्ये फ्लँज ४० चा ४२ झाला की फ्लॅट आपोआप बदलला पाहिजे. ते शक्य होतं फक्त दोन्ही एकाच पार्ट फाइलमधून आले तर.

बेस फ्लँज, एज फ्लँज अशा शीट मेटलच्याच फीचरने पार्ट बांधला की फीचर ट्रीच्या तळाशी फ्लॅट-पॅटर्न हे फीचर तयार होतं. एरवी ते सप्रेस, म्हणजे बंद ठेवलेलं असतं. ते अनसप्रेस केलं, किंवा फ्लॅटन दाबलं, की पार्ट उघडतो. ड्रॉइंग सुरू करण्याआधी एकदा उघडून पाहा. उघडत नसेल तर बहुतेक वेळा कुठेतरी जाडी एकसारखी नसते, कोपऱ्यात रिलीफ (पत्रा फाटू नये म्हणून ठेवलेली खाच) नसतो किंवा दोन फ्लँज फ्लॅटमध्ये एकमेकांवर चढतात.

उघडल्यावर फ्लॅट-पॅटर्न फीचर एडिट करून फिक्स्ड फेस तपासा. हाच पृष्ठभाग फ्लॅटमध्ये जागचा हलत नाही, बाकीचे त्याच्याभोवती उघडतात. तळ हा फिक्स्ड फेस ठेवला की बेंड झालेला व्ह्यू आणि फ्लॅट व्ह्यू यांची दिशा जुळते आणि वाचणाऱ्याची नजर सहज इकडून तिकडे जाते. ब्रश फिनिशचा स्टेनलेस असेल तर ग्रेनची दिशाही इथेच द्या.

आता क्रम. फ्लॅट-पॅटर्नच्या आधी काढलेलं भोक दोन्ही अवस्थांत दिसतं. फ्लॅट-पॅटर्नच्या नंतर काढलेलं फक्त फ्लॅटमध्ये दिसतं. ही सोय मुद्दाम वापरता येते. बेंडच्या टोकाला लहान खाचा, नेस्टिंगमध्ये (एका शीटवर अनेक ब्लँक मांडून कापताना) पार्ट धरून ठेवायचे टॅब, असं जे तयार पार्टमध्ये मोजायचं नाही ते नंतर टाकायचं. पण बेंड ओलांडणारं खरं कटआउट कधीही असं टाकू नका. त्यासाठी अनफोल्ड करा, कट मारा आणि पुन्हा फोल्ड करा. मग ते दोन्हीकडे बरोबर दिसतं.

बेंड झालेले व्ह्यू

यात नवीन काही नाही. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, फ्रंट, टॉप, साइड, आणि कोपऱ्यात एक आयसोमेट्रिक. आयसोमेट्रिक शोभेचा समजून काढून टाकू नका. ऑपरेटर सगळ्यात आधी तोच बघतो, आणि बेंड कुठल्या बाजूला जातो ते त्याला तिथे एका नजरेत कळतं. टँजंट रेषा (सपाट भाग संपून बेंड सुरू होतो तिथल्या) मुख्य व्ह्यूत बारीक ठेवा किंवा काढा, आयसोमेट्रिकमध्ये राहू द्या.

मापं बाहेरून द्यायची की आतून, हे पार्टच्या कामावरून ठरवा आणि एका ड्रॉइंगमध्ये शक्यतो एकच पद्धत पाळा. ब्रॅकेटच्या आत मोटर बसणार असेल तर आतलं ९६ द्या, बाहेरचं १०० नको. बेंडच्या त्रिज्येच्या मध्यापासून किंवा टँजंट रेषेपासून माप कधीच देऊ नका. तिथे व्हर्नियर टेकत नाही.

टायटल ब्लॉकमधल्या जनरल टॉलरन्सकडेही बघा. मशिनिंगच्या टेम्प्लेटमधून आलेलं आयएसओ २७६८-एम (जनरल टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग) तसंच राहिलेलं असतं. त्यात ३० ते १२० मिमीला ±०.३ मिळतो. तो लेझरला सोपा आहे, पण बेंड ओलांडणाऱ्या मापाला घट्ट. आणि कोनाची लहान बाजू १० ते ५० मिमी असेल तर ±०°३०′ मिळतो. आपल्या ४० च्या फ्लँजला हाच लागू होतो. प्रत्येक नवीन शीटच्या लॉटबरोबर स्प्रिंगबॅक (बेंडनंतर पत्रा थोडा मागे उघडणं) बदलतो, त्यामुळे अर्धा अंश सतत पाळणं सोपं नसतं. खरंच गरज नसेल तर बेंडच्या कोनाला ±१° असं वेगळं लिहा.

फ्लॅट व्ह्यू

व्ह्यू पॅलेटमधून फ्लॅट पॅटर्न ओढून शीटवर टाका. त्या क्षणी सॉलिडवर्क्स पार्टमध्ये एक उपकॉन्फिगरेशन बनवतं, मूळ नावापुढे एसएम-फ्लॅट-पॅटर्न असं लागलेलं. त्यात फ्लॅट-पॅटर्न अनसप्रेस असतो, मूळ कॉन्फिगरेशनमध्ये सप्रेस. एका पार्टची दोन रूपं एकाच शीटवर दिसतात ती यामुळे. हे कॉन्फिगरेशन पुसू नका, त्याचं नाव बदलू नका आणि असेंब्लीत ते बसवू नका. असेंब्लीत नेहमी मूळ, बेंड झालेलंच जातं.

व्ह्यूखाली ‘फ्लॅट पॅटर्न’ असं स्पष्ट लिहा. स्केल वेगळा असेल तर तोही. मोठे पार्ट असतील तर फ्लॅटला दुसरी शीट द्या, पण ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन तोच ठेवा. फ्लॅटला स्वतंत्र नंबर दिला की काही महिन्यांनी एक रिव्हिजन डी असतो आणि दुसरा बी.

रेषांबद्दल. आयएसओ १२८ नुसार बेंड लाइन अखंड बारीक रेषेने दाखवतात, आणि बेंड होण्याआधीची बाह्यरेषा तयार पार्टच्या व्ह्यूवरच दाखवायची असेल तर ती दोन ठिपक्यांच्या बारीक साखळी रेषेने. सॉफ्टवेअरमध्ये बेंड लाइन बऱ्याचदा सेंटर लाइनसारखी येते, आणि भोकांच्या सेंटर मार्कमध्ये मिसळून जाते. लाइन फॉन्ट बदलून घ्या. बेंडच्या दोन्ही बाजूंच्या टँजंट रेषा फ्लॅटमध्ये लपवा. नाहीतर एका बेंडला तीन समांतर रेषा दिसतात आणि ऑपरेटर विचारतो की यातल्या कुठल्या रेषेवर पंच आणू.

मापं किती? आपल्या ब्रॅकेटला फक्त एवढी: (१७३) × (६०), आणि दोन्ही कडांपासून बेंड लाइन (३८.२५). मधलं ९६.५ देऊ नका, ते आपोआप उरतं. कडेपासूनच द्यायचं कारण असं की प्रेस ब्रेकचा बॅकगेज कडेलाच टेकतो. पत्रा ३८.२५ आत सरकवला की पंचचं टोक बरोबर बेंड लाइनवर येतं. ज्या कडेला गेज टेकणार तिथूनच माप द्या. मधल्या एखाद्या डेटमपासून दिलेली बेंड लाइन कागदावर सुंदर दिसते, पण मशीनवर ऑपरेटरला वजाबाकी करत बसावी लागते.

वर की खाली

बेंड लाइनवर सॉलिडवर्क्स स्वतःच नोट टाकतं: दिशा, कोन, त्रिज्या. ‘अप ९०° आर २’ अशा स्वरूपात. अप म्हणजे कागदातून तुमच्याकडे. व्ह्यूच्या प्रॉपर्टीत फ्लिप व्ह्यू केलं की दिसणारा पृष्ठभाग बदलतो आणि अपचं डाऊन होतं. दोन्ही बरोबरच असतात, फक्त पत्रा कुठल्या बाजूने समोर धरायचा ते बदलतं.

म्हणूनच दिसणारी बाजू कुठली हे फ्लॅटवर शब्दांत लिहा. ‘दिसणारी बाजू: आतली’ किंवा फिल्म लावलेल्या स्टेनलेसला ‘फिल्मची बाजू वर’. शक्य तितके जास्त बेंड अप येतील अशी बाजू निवडा, कारण प्रेस ब्रेकवर फ्लँज वर उचलला जातो आणि ऑपरेटर तसाच विचार करतो.

डावा-उजवा पार्ट असला की हे आणखी महत्त्वाचं. आरशातल्या पार्टचा ब्लँक म्हणजे तोच ब्लँक उलटा केलेला. फिनिशची बाजू ठरलेली नसेल तर एकाच कटिंग फाइलमधून दोन्ही निघतात, फक्त बेंडच्या दिशा उलट. ड्रॉइंगवर हे लिहिलं तर नेस्टिंगवाला खूश होतो. फक्त बरची (कापताना कडेला राहणाऱ्या धारेची) बाजू एका पार्टमध्ये आत आणि दुसऱ्यात बाहेर येईल, ते चालणार आहे का ते आधी ठरवा.

चारपेक्षा जास्त बेंड झाले की नोटांची गर्दी होते. तेव्हा बेंड टेबल घ्या: इन्सर्ट, टेबल्स, बेंड टेबल. प्रत्येक बेंड लाइनवर फक्त अक्षर राहतं आणि दिशा, कोन, त्रिज्या तक्त्यात जातात. बेंडचा क्रम मात्र सक्तीचा म्हणून देऊ नका. बेंडिंगवाल्याकडे गूजनेक (वाकड्या मानेचा) पंच आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. एखादा बेंड आधी मारला तर दुसरा अडकतोच, असं असेल तेव्हाच तेवढं लिहा.

ब्लँकची लांबी-रुंदी हाताने टाइप न करता कटलिस्टच्या प्रॉपर्टीतून लिंक करा. बाउंडिंग बॉक्सची लांबी, रुंदी, शीटची जाडी, बेंडची संख्या, कटिंगची लांबी हे सगळं तिथे तयार असतं. कोटेशन काढणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

लुव्हर, एम्बॉस आणि काउंटरसिंक

लुव्हर (हवेसाठीच्या फटी) किंवा एम्बॉस (पत्र्यावरचे उठाव) सपाट होत नाहीत. ते फॉर्मिंग टूलने मारलेले असतील तर फ्लॅटमध्येही फुगलेलेच राहतात. डॉक्युमेंट प्रॉपर्टीत शीट मेटलखाली टूलचा पंच, प्रोफाइल आणि केंद्र यांपैकी काय दाखवायचं ते वेगवेगळं निवडता येतं. टरेट पंचवर जाणाऱ्या पार्टला मी प्रोफाइल आणि केंद्र ठेवतो, पंच लपवतो. लेझरवर जाणाऱ्या पार्टला फक्त केंद्र. टॅपिंग आणि काउंटरसिंक बेंडच्या आधी करायचे की नंतर हेही नोटेत यावं. बेंड झाल्यावर ड्रिल आत जात नाही अशा जागा बऱ्याच असतात.

इतर सॉफ्टवेअर

इन्व्हेंटरमध्ये फ्लॅट पॅटर्न त्याच पार्ट फाइलमध्ये वेगळं रूप म्हणून राहतो. ड्रॉइंग व्ह्यू टाकताना फोल्डेड मॉडेल की फ्लॅट पॅटर्न ते निवडायचं. फ्लॅटमध्ये जाऊन केलेले बदल फोल्डेडला पोचत नाहीत, हे लक्षात ठेवा. वरची बाजू तिथे ए-साइड म्हणून आधीच ठरवता येते, ते जरूर करा. क्रिओमध्ये फ्लॅट अवस्था फॅमिली टेबलमधला इन्स्टन्स असते, त्यामुळे ड्रॉइंगला मूळ मॉडेल आणि तो इन्स्टन्स अशी दोन्ही मॉडेलं जोडावी लागतात. सॉलिड एजमध्ये आधी पार्टमध्ये फ्लॅट पॅटर्न बनवावा लागतो, मग व्ह्यू विझार्डमध्ये तो पर्याय मिळतो. फ्रीकॅडच्या शीटमेटल वर्कबेंचमध्ये अनफोल्ड आहे, त्यातून निघालेला आकार टेकड्रॉमध्ये व्ह्यू म्हणून टाकता येतो.

कटिंग फाइल

पीडीएफबरोबर डीएक्सएफ (कटिंग मशीनला लागणारी रेषांची फाइल) जाणारच. ती ड्रॉइंग शीटवरून सेव्ह करू नका, नाहीतर बॉर्डर, टायटल ब्लॉक आणि १:२ चा स्केल सगळं त्यात जातं. पार्टमध्ये जाऊन तिथून शीट मेटल म्हणून एक्सपोर्ट करा. बाह्यरेषा आणि भोकं एका लेयरवर, बेंड लाइन दुसऱ्या. बेंड लाइन कटिंगच्या लेयरवर राहिली तर मशीन ती रेषाही कापेल आणि यू ब्रॅकेटच्या जागी तीन पट्ट्या हातात येतील. बेंड लाइनवर हलकी खूण मारून हवी असेल तर तिचा लेयर मार्किंगसाठी आहे असं फाइलबरोबर लिहून कळवा. नको असेल तर तो लेयर पाठवूच नका, जागा ड्रॉइंगवर आहेच.

पाठवण्याआधी ती फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तीन मापं घ्या: एकूण लांबी १७३, रुंदी ६०, कडेपासून भोकाचं केंद्र १५. युनिट इंचात गेलं असेल तर पहिल्याच मापात कळतं. मग ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन फाइलच्या नावात टाका, जाडी आणि मटेरियलसह, म्हणजे लेझरच्या ऑपरेटरला कुठली शीट चढवायची ते फाइल न उघडताही कळेल.